परभाषेच्या दारात

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात सांगलीहून माझ्या भाच्याचे पत्र आले. हल्लीच्या दिवसांत हाताने लिहिलेले पत्र येणे हीच मुळी एक घटना. पण माझ्या थोरल्या बहिणीने त्याला बजावले होते की, मामाला महत्त्वाचे काही विचारावयाचे असेल तर ते नीट बसून लिही. मुलाजवळ यंत्र अभियांत्रिकीची पदविका आहे आणि कुपवाडच्या एका लहानशा कारखान्यात तो नोकरी करीत होता. पत्रातला मजकूर थोडक्यात असा : गावात एक गृहस्थ मुलांना जपानला पाठवितात. तेथील भाषाशाळेत प्रवेश मिळवून देतात. सहा महिन्यांत जपानी बोलता येते, तेथे गेल्यावर तर ती आपोआपच येते, आणि शिकता शिकता खर्चही भागतो, असे त्यांचे सांगणे. पैसे मात्र आधी भरावयाचे. ‘बाबा विहिरीजवळची जमीन गहाण ठेवायला तयार आहेत. मामा, तुम्ही दिल्लीत जपानी शिकलात ना? मग सांगा, जाऊ की नको?’

त्या पत्रातल्या ‘शिकलात ना?’ या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. मी जपानी शिकलो होतो हे खरे. कचेरी सुटल्यावर आठवड्यातून दोन संध्याकाळी, दीड-दीड तास, अशी तीन वर्षे मी वर्गात जात असे. दोन परीक्षा उत्तीर्ण झालो. त्यांची प्रमाणपत्रे घरातल्या कपाटात अजून आहेत. पुढे सरकारी कामानिमित्त नऊ दिवस जपानला जाण्याचा योग आला. तेथे आमच्या दिमतीला दुभाषी होता, त्यामुळे माझ्या विद्येची परीक्षा व्हावयाचे काही कारण नव्हते. ती झाली एका लहानशा स्टेशनवर, सुट्टीच्या दिवशी, मी एकटाच फिरावयास निघालो असताना.

फलाटावर गाडी उभी होती. हातात गाठोडे घेतलेली एक वृद्ध बाई माझ्याजवळ आली आणि तिने मला काहीतरी विचारले. माझ्या मनात एकदम गोंधळ उडाला आणि तोंडून निघाले ते पहिल्या धड्यातले पहिले वाक्य : मी भारतीय आहे. बाई हसली, किंचित वाकली आणि गाडीत चढली. दारे मिटली. गाडी हलल्यावर मग माझ्या कानांत तिचा प्रश्न हळूहळू उलगडला. तिने एका गावाचे नाव घेतले होते आणि त्यापुढे विचारले होते, ‘तोमारिमासु का?’ म्हणजे ‘थांबते का?’ ते क्रियापद मला येत होते. त्याची सर्व रूपे मी वहीत लिहिली होती. आणि ती जलद गाडी त्या गावी थांबत नाही, हे मी समोरच्या फलकावर पाच मिनिटांपूर्वीच वाचले होते. ‘तोमारिमासेन’, थांबत नाही, एवढा एक शब्द उच्चारावयाचा होता. तो मला वेळेवर उच्चारता आला नाही.

श्रोतेहो, परभाषा कोठे शिकावी आणि कशी शिकावी या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार असा आहे. यशस्वी माणसाचा तो नव्हे. ठेच लागलेल्या माणसाचा आहे, आणि मागच्याला शहाणे करण्यापुरता त्याचा उपयोग व्हावा, एवढीच अपेक्षा.

भाच्याला उत्तर लिहिण्यापूर्वी मी प्रथम हिशेब मांडला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात वकिलातीतील अधिकाऱ्यांना भाषा शिकविणारी एक संस्था आहे. तिच्या अनुभवाप्रमाणे इंग्रजी मातृभाषा असणाऱ्या माणसाला फ्रेंच किंवा स्पॅनिश भाषेत कामकाज करण्याइतकी गती यावयास वर्गातले सुमारे 600 ते 750 तास लागतात. जपानी, चिनी, कोरियन किंवा अरबी भाषेला हेच तास 2,200 च्या घरात जातात. आता आठवड्याला तीन तास शिकणारा माझ्यासारखा नोकरदार वर्षाच्या 50 आठवड्यांत 150 तास जमवितो. म्हणजे जपानी भाषेसाठी त्याला साधारण पंधरा वर्षे पाहिजेत. तीन वर्षांत मी 450 तासांचा धनी झालो होतो. मग त्या स्टेशनवर मी मुका झालो यात नवल ते काय? आणि सहा महिन्यांचे वचन देणाऱ्या गृहस्थांचे गणित कोणत्या शाळेतले?

हा हिशेब निराश करण्यासाठी मी सांगत नाही. प्रत्येकाला वकिलातीत कामकाज करावयाचे नसते. कोणाला ग्रंथ वाचावयाचे असतात, कोणाला कारखान्यात यंत्रावरच्या सूचना समजून घ्यावयाच्या असतात, कोणाला रुग्णाची विचारपूस करावयाची असते. म्हणून ‘कोठे शिकू?’ या प्रश्नाच्या आधी ‘कशासाठी शिकू?’ हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर जितके नेमके, तितका मार्ग आखूड. ‘जपानी शिकावयाचे आहे’ हे उत्तर झाले नाही. ‘दोन वर्षांनी कारखान्यातल्या वरिष्ठाने सांगितलेले काम मला समजले पाहिजे आणि न समजल्यास तसे त्याला सांगता आले पाहिजे’ हे उत्तर झाले.

हेतू ठरला की दुसरा प्रश्न : येथे शिकावे की तेथे जाऊन? आपल्याकडे असा एक समज आहे की, ज्या देशाची भाषा त्या देशात जाऊन पडले की ती आपोआप येते. पोहणे शिकविण्यासाठी मुलाला विहिरीत ढकलून देण्याच्या जुन्या पद्धतीसारखाच हा समज. काही मुले त्या पद्धतीने पोहावयास शिकत, हे खरे. पण पाठीला सुकडीचा भोपळा बांधलेला असे, हे आपण विसरतो. परदेशात पाऊल ठेवताना भाषेची थोडी तरी पूंजी जवळ असेल, तर रस्त्यावरचा प्रत्येक फलक, दुकानातला प्रत्येक संवाद तीत भर घालतो. पूंजी शून्य असेल तर तो सगळा कोलाहल कानांवरून वाहून जातो. आणि माणूस आपल्याच प्रांतातल्या, आपल्याच भाषेतल्या चार सोबत्यांत आसरा शोधतो. मग देश जपान असला तरी खोलीत गावच असतो.

शिवाय विद्यार्थी म्हणून जपानमध्ये जाणाऱ्याला परवानगी घेऊन शाळेच्या सत्रात आठवड्याला 28 तासच काम करता येते. ज्याने जमीन गहाण ठेवून कर्ज काढले आहे, त्याला हे 28 तास पुरत नाहीत असे वाटू लागते. तो रात्री काम करतो आणि सकाळी वर्गात पेंगतो. भाषेसाठी गेलेला मुलगा भाषेवाचून राहतो आणि कर्ज तेवढे वाढते.

या बाबतीत मला आपल्याच माणसाचे उदाहरण आठवते, ते धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातल्या साखवाळ गावी 1876 साली जन्मलेला हा माणूस बुद्धाच्या उपदेशाच्या ओढीने घर सोडून निघाला. पाली भाषा व बौद्ध ग्रंथ शिकावयाचे तर ते जेथे जिवंत परंपरेने शिकविले जातात तेथेच गेले पाहिजे, हे त्यांनी जाणले आणि 1902 साली ते सिंहलद्वीपात जाऊन कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या पायांशी बसले. ‘तेथे जाऊन’ शिकण्याचे याहून उज्ज्वल उदाहरण सापडणे कठीण. पण त्याच्या आधीचे पान आपण वाचीत नाही. त्याआधी त्यांनी काशीत अन्नछत्रात जेवून, हालअपेष्टा सोसून संस्कृतचे अध्ययन केले होते. सिंहलद्वीपात पाऊल ठेवले तेव्हा त्यांच्याजवळ पैसा नव्हता. पूंजी मात्र होती. पुढे ते हार्वर्डला गेले, लेनिनग्राडला गेले, आणि फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकविली. पाया घरी घालावा आणि कळस तेथे चढवावा, असा या चरित्राचा अर्थ मी लावतो.

पाया घालण्याची सोय आज आपल्या देशात आहे. पुण्याला फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा विदेशी भाषांचा विभाग आहे. कित्येक पिढ्या तेथे जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकल्या. दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठात या भाषांचे पदवीपासूनचे शिक्षण मिळते. हैदराबादला इंग्रजी व विदेशी भाषांचे स्वतंत्र विद्यापीठच आहे. शांतिनिकेतनात 1937 साली चीन भवन उघडले आणि 1994 साली निप्पॉन भवन. जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवने आहेत, फ्रेंचसाठी आलियाँस फ्रान्सेजच्या शाखा आहेत. खाजगी वर्ग तर गल्लोगल्ली आहेत. तेव्हा प्रश्न वर्ग मिळण्याचा नाही, पारखण्याचा आहे.

वर्ग कसा पारखावा? इमारत, जाहिरात आणि उत्तीर्णांचे फोटो पाहू नयेत. शक्य तर एक दिवस मागच्या बाकावर बसून घ्यावे आणि दोनच गोष्टी मोजाव्यात. एका तासात शिक्षक किती बोलला आणि विद्यार्थी किती बोलले? आणि विद्यार्थी चुकला तेव्हा काय झाले? जेथे तासभर शिक्षकच व्याकरण समजावून सांगतो, तेथे भाषेविषयी ज्ञान मिळेल, भाषा मिळणार नाही. जेथे चूक केल्यावर वर्ग हसतो आणि शिक्षकही हसतो, तेथून उठून यावे. जेथे शिक्षक ते वाक्य दुरुस्त करून पुन्हा त्याच विद्यार्थ्याकडून म्हणवून घेतो, तेथे पैसे भरावेत. वर्गात वीस-पंचवीस माणसे असली तर प्रत्येकाच्या वाट्याला बोलावयास तासातली दोन मिनिटे येतात, एवढा साधा भागाकारही करून पाहावा.

परीक्षेविषयीही सावध असावे. जपानी भाषेच्या सामर्थ्याची जी जगभर मान्य असलेली परीक्षा आहे, ती 1984 साली सुरू झाली, आणि 2010 पासून तिच्या पाच पायऱ्या आहेत. परीक्षा चांगली आहे, आणि नोकरीसाठी तिचे प्रमाणपत्र लागते. पण तीत शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासतात. बोलणे आणि लिहिणे तपासले जात नाही. म्हणजे एकही वाक्य तोंडातून न काढता तिची सर्वोच्च पायरी चढता येते. जे परीक्षेत येत नाही ते वर्गात शिकविले जात नाही, हा आपल्याकडचा सार्वत्रिक नियम आहे. माझे दोन कागद आणि माझी बंद जीभ यांचा मेळ तेथे लागतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. मी जपानी शिकलो ती इंग्रजीतून. पुस्तक इंग्रजी, वही इंग्रजी, अर्थ इंग्रजी. त्यामुळे जपानी वाक्य मला सदैव उलटे वाटे. क्रियापद शेवटी, विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागून, सगळेच विपरीत! एके दिवशी सहज मनात आले की, ही वाक्ये उलटी कोणाच्या दृष्टीने? ‘वाताशी वा होन ओ योमिमासु.’ मी पुस्तक वाचतो. शब्दाला शब्द, जागेला जागा. ‘तोक्यो नि’ म्हणजे तोक्योला. ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे, ‘मोत्ते इकु’ म्हणजे घेऊन जाणे. ‘ताबेते मिरु’ यातले ‘मिरु’ म्हणजे पाहणे. आपणही ‘खाऊन पाहा’ असेच म्हणतो, आणि त्यात डोळ्यांनी पाहण्याचा संबंध नसतो. ‘योन्दे ओकु’ यातले ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. आपणही ‘वाचून ठेव’ म्हणतो. ही प्रयोगाची खुबी इंग्रजीत समजावून सांगण्यास पुस्तकाला अर्धे पान लागते. मराठी मुलाला ती अर्ध्या ओळीत कळते. घरचा राजरस्ता सोडून मी तीन वर्षे परक्याच्या कुंपणावरून उड्या मारीत होतो.

एवढेच नव्हे, तर जपानी अक्षरमालेचा क्रम अ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो, आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा जातो. हा क्रम आपल्या वर्णमालेच्या अभ्यासातून, बौद्ध भिक्षूंनी तेथे नेलेल्या सिद्धम् लिपीच्या परंपरेतून आला, असे अभ्यासक मानतात. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू 736 साली जपानला पोहोचला आणि नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलनाचा विधी 752 साली त्याच्या हातून झाला. चाक आणि चोर या शब्दांतला आपला च जपानी ‘त्सु’च्या अगदी शेजारचा आहे. ऱ्हस्व-दीर्घाकडे मात्र लक्ष हवे. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि ‘आ’ लांबविला की ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. मावशीला आजी म्हटल्याने काय होते, हे कोणत्याही देशात वेगळे सांगावे लागत नाही.

अर्थात, जपानी भाषा मराठीची बहीण आहे असा कोणी समज करून घेऊ नये. तिची चित्रलिपी आपल्याला सर्वस्वी परकी. नित्य व्यवहारासाठी ठरविलेली चिन्हे 2,136 आहेत, आणि त्यांना घोकण्यावाचून उपाय नाही. माझे म्हणणे एवढेच की, कोणतीही परभाषा शिकताना ती प्रथम मायबोलीच्या शेजारी मांडून पाहावी. वहीत इंग्रजी अर्थाऐवजी मराठी अर्थ लिहावा. जेथे जुळते तेथे श्रम वाचतात. जेथे जुळत नाही तेथे सावध राहता येते.

ही वाणी ऐकणाऱ्यांत इंदूर-ग्वाल्हेरचे, बडोद्याचे, हैदराबादचे, बेळगावचे, तंजावरचे मराठी श्रोते असतील. त्यांना माझे हे सांगणे कदाचित बालिश वाटेल. त्यांच्या घरांत दोन-तीन भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांच्या आजीने बाजारातली भाषा कोणत्या वर्गात शिकली? ती भाजीवालीशी घासाघीस करता करता शिकली. चुकली, हसली, पुन्हा बोलली. तिला लाज वाटली नाही, कारण तिला प्रमाणपत्र नको होते, भाजी हवी होती. आम्हा शिकलेल्या माणसांची अडचण ही की, आम्हांला चुकण्याचे भय वाटते. कचेरीत वीस वर्षे मसुदे निर्दोष लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला सात वर्षांच्या पोरासारखे अडखळत बोलणे अपमानाचे वाटते. त्या स्टेशनवर माझी जीभ अज्ञानाने अडली नव्हती, ती अहंकाराने अडली होती. शुद्ध वाक्य जुळेपर्यंत मी थांबलो; गाडी थांबली नाही.

हे सारे मी भाच्याला लिहिले. जाऊ नको, असे लिहिले नाही. आधी जमिनीचा विचार सोडून दे, असे लिहिले. पुण्याकडे नोकरी पाहा, तेथे वर्गाची सोय आहे. पाचवी आणि चौथी पायरी येथे चढ. रोज अर्धा तास जपानी ऐक आणि ऐकलेले वाक्य त्याच्या मागोमाग मोठ्याने म्हण. कागदावर पाहू नको. मग जावयाचे ठरले तर ती शाळा तेथील सरकारने मान्य केलेली आहे काय ते तपास, कारण 2024 च्या एप्रिलपासून जपानमध्ये भाषाशाळांना शिक्षणमंत्रालयाची मान्यता देण्याची नवी पद्धत अमलात आली आहे. नोकरीसाठी नेतो म्हणणाऱ्याला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी विचार. आणि सहा महिन्यांचे वचन देणाऱ्याला मी सांगितलेला तासांचा हिशेब विचार. तो उत्तर देतो की विषय बदलतो, ते पाहा.

उत्तर आले नाही. बहीण फोनवर म्हणाली, ‘तू त्याचा उत्साह मोडलास. त्याच्या बरोबरीची तीन मुले गेली.’ खरे सांगावयाचे तर त्या रात्री मलाही झोप लागली नाही. सल्ला देणे सोपे असते; पण कोणाच्या तरुणपणातली दोन वर्षे आपण आपल्या शब्दावर अडवून धरली, ही जाणीव जड असते. ती वर्षे फुकट गेली असती तर त्याची भरपाई मी कोणत्या खजिन्यातून करणार होतो?

महिन्याभराने कळले की, त्याने चाकणला नोकरी धरली आणि शनिवार-रविवारच्या वर्गात नाव घातले. पहिली परीक्षा तो सहज उत्तीर्ण झाला. गेल्या डिसेंबरात चौथ्या पायरीला नापास झाला. एकूण गुण पुरेसे होते. पण या परीक्षेत प्रत्येक विभागात किमान गुण मिळवावे लागतात, आणि श्रवणात 60 पैकी 19 हवे असताना त्याला 17 मिळाले. मला ते 17 गुण फार ओळखीचे वाटले. मामाचे कान भाच्याला लाभले होते! त्यानंतर सहा महिने तो कारखान्याच्या बसमध्ये येता-जाता कानांत जपानी घालून बसे आणि शेजारच्यांची पर्वा न करता ती पुटपुटत असे. या जुलैत तो उत्तीर्ण झाला. आता त्याच्या कारखान्यात जपानी तंत्रज्ञ येतात, तेव्हा त्याला बोलावतात. जपानला जावयाचे की नाही, हे अजून ठरलेले नाही. गेला तर स्वतःच्या साठविलेल्या पैशाने जाईल. विहिरीजवळच्या जमिनीत यंदा सोयाबीन आहे.

निकाल लागला त्या रात्री त्याचा फोन आला. मी त्याला त्या स्टेशनवरची हकीकत पूर्वी पत्रात लिहिली होती. तो म्हणाला, ‘मामा, आता मी ती म्हातारी. गाडी उभी आहे. तोमारिमासु का?’ मी गडबडलो, क्षणभर वाक्य जुळवू लागलो, आणि मग ते जुळविणे सोडून म्हणालो, ‘तोमारिमासेन.’

‘बरोबर,’ तो म्हणाला, ‘पण जरा लवकर, मामा.’

गेल्या सोमवारपासून मी पुन्हा वर्गात जाऊ लागलो आहे. वर्गात मी वयाने सर्वांत मोठा आहे आणि सर्वांत जास्त चुकतो. या वेळी मात्र वहीत अर्थ मराठीत लिहितो.